आशीर्वाद, बिबवेवाडी

"हा फोटो उतरवा," रंगनाथराव म्हणाले.

टेबलामागे बसलेल्या दीपालीताई पुणेरी हसल्या, म्हणजे ओठांनी. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाच्या त्या चिटणीस होत्या. "आवडला नाही का आपल्याला?"

"आवडण्याचा प्रश्न नाही. उतरवा म्हणतोय."

"अहो, पण कारण काय?"

"ती माझी बायको आहे."

दीपालीताईंनी चष्मा वर सारून फोटोकडे पाहिलं, मग रंगनाथरावांकडे पाहिलं. फोटो दालनाच्या दारासमोरच होता, सगळ्यात मानाच्या जागी, वर स्वतंत्र दिवा लावलेला. तीन फूट बाय दोन फूट. सकाळच्या उन्हात उभी असलेली एक म्हातारी. मोकळे पांढरे केस उन्हाने पेटल्यासारखे झालेले, अंगात फिकट गाऊन, एक हात गळ्याशी आणि दुसरा खांद्यापर्यंत वर उचललेला, तळवा समोर. खाली कार्ड होतं : 'आशीर्वाद, बिबवेवाडी. छायाचित्रकार : तेजस.' आणि त्याखाली सोनेरी चकतीवर 'प्रथम क्रमांक'.

कॉलेजच्या दोन मुली फोटोसमोर उभ्या होत्या. "किती पीसफुल ना?" एक म्हणाली. "एक हात हार्टवर, आणि एक ब्लेसिंगसाठी."

 गळ्याशी धरलेला तो हात कशासाठी होता हे रंगनाथरावांना पक्कं ठाऊक होतं. त्या गाऊनचं वरचं बटण तुटलं होतं. आज लावू, उद्या लावू म्हणत त्यांनी पंधरा दिवस ते लावलं नव्हतं. द्वारकाबाई हृदयावर हात ठेवून उभ्या नव्हत्या, उघडा गळा झाकत होत्या.

आणि दुसरा हात तर त्यांनी झोपेतही ओळखला असता.

बिबवेवाडीत रंगनाथरावांचा फोटो स्टुडिओ आहे. बेचाळीस वर्षांपूर्वी अकोल्याहून आले तेव्हा एक कॅमेरा, दोन छत्रीचे दिवे आणि नवी बायको एवढंच भांडवल होतं. कॅमेरा रंगनाथरावांचा, पण गिऱ्हाईक द्वारकाबाईंचं. आत आलेल्या बाईला आधी आरशासमोर बसवायचं, घाम टिपायचा, पदर सारखा करायचा, टिकली मधोमध आहे का बघायचं. घरून भांडून आलेली असेल तर तिला दोन मिनिटं गप्प बसू द्यायचं. तोवर रंगनाथरावांनी बटणावर बोट ठेवलेलं असलं, तरी द्वारकाबाईंचा तळवा त्यांच्याकडे वळलेला असायचा. थांबा. आणि रंगनाथराव थांबायचे. दारात दहा माणसं खोळंबली असली तरी थांबायचे. हात खाली आला की मगच फोटो. बिबवेवाडीतल्या निम्म्या बायकांचे रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंतचे फोटो त्या हाताच्या परवानगीने निघाले आहेत.

चार वर्षांपासून द्वारकाबाईंना विसर पडायला लागला. आधी गॅस, मग वार, मग माणसं. पुण्यात आल्यावर त्यांनी हट्टाने घासूनपुसून शुद्ध केलेली भाषा गेली आणि माहेरची वऱ्हाडी परत आली. नवऱ्याला त्या आता 'फोटोवाले' म्हणतात. मुलगी उत्कर्षा हडपसरला आयटीत आहे. ती दर रविवारी फोनवर सांगते, "बाबा, तुम्हाला एकट्याला नाही जमणार. एखादी फुल टाइम बाई ठेवा, नाहीतर आईला माझ्याकडे आणा." रंगनाथरावांचं उत्तर ठरलेलं, "मी आहे ना."

मी आहे ना म्हणणाऱ्या या गृहस्थांनी पाच महिन्यांपूर्वी एका रविवारी मागच्या दाराची कडी लावली नव्हती. स्टुडिओ पुढे, घर मागे. एक पाच माणसांचं कुटुंब पासपोर्टच्या फोटोंसाठी आलं होतं, धाकटं पोर काही केल्या डोळे उघडे ठेवत नव्हतं. फोटो संपवून ते आत गेले तर घर रिकामं. दीड तास वेड्यासारखे शोधत फिरले. शेवटी शेजारच्या भाजीवाल्या वेणूबाई द्वारकाबाईंच्या खांद्यावर स्वतःची ओढणी टाकून त्यांना घेऊन आल्या. त्या दीड तासाबद्दल रंगनाथरावांनी कुणालाही काही सांगितलं नाही. वेणूबाईंनाही शपथ घातली.

काल उत्कर्षाने मोबाइलवर प्रदर्शनाच्या पोस्टरवरचा हा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'बाबा, ही आई आहे? एकटी? गाऊनवर?' रंगनाथरावांनी उत्तर दिलं, 'वेणूबाई होत्या सोबत. फोटोत आल्या नाहीत.' आयुष्यभर फोटोच्या धंद्यात काढलेल्या माणसाला खोटं बोलायला फोटोचीच चौकट उपयोगी पडली. रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

"हे बघा, छायाचित्रकारच आले," दीपालीताई म्हणाल्या.

तेजस तिशीतला, दाढी नीट राखलेला, खांद्याला कापडी पिशवी. बोलायला अगदी अदबशीर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, आय टोटली रिस्पेक्ट की तुम्हाला इमोशनल वाटतंय. पण हे स्ट्रीट फोटोग्राफीचं एक्झिबिशन आहे. अनोळखी माणसं, रोजचं आयुष्य. परमिशन मागितली की माणूस पोज देतो, सगळं खोटं होतं. आणि पब्लिक प्लेसमध्ये फोटो काढायला लीगली काही प्रॉब्लेम नसतो."

"कायदा विचारायला नाही आलो मी. कायद्याने मलाही तुमच्या घरासमोरच्या फुटपाथवर उभं राहून तुमच्या आईकडे दिवसभर बघत बसता येईल. मी बसत नाही."

तेजसचा चेहरा जरा उतरला. "काका, मी काही चोरून नाही काढला. त्यांनी मला पाहिलं होतं. बोलल्यासुद्धा माझ्याशी."

"काय बोलली?"

"थांब म्हणत होत्या. 'थांब बाप्पा, थांब,' असं दोन-तीनदा. मला वाटलं रस्ता क्रॉस करायचाय."

"मग थांबलात?"

"अहो काका, त्याच वेळी मागून ऊन आलं. थांबलो असतो तर मोमेंट गेला असता."

रंगनाथराव त्याच्याकडे बघत राहिले. वयाच्या सत्तरीला आलेल्या माणसाने कुणाच्या मुस्काटात मारू नये, हे त्यांनी स्वतःला मनातल्या मनात दोनदा सांगितलं. द्वारकाबाईंना त्या दिवशी घर आठवत नव्हतं, नवरा आठवत नव्हता, आपलं नावही आठवत नव्हतं. पण समोर कॅमेरा आला तेव्हा एवढं बरोबर आठवलं होतं, की अशा अवतारात फोटो काढायचा नसतो. बाईला आधी सावरू द्यायचं असतं. तेवढं एक शहाणपण शिल्लक होतं त्यांच्यापाशी आणि तेही या पोराने उन्हासाठी झुगारून दिलं, वर त्याला आशीर्वाद असं नाव दिलं.

"तो आशीर्वाद नाही," ते म्हणाले. आवाज चढला होता, मुली वळून बघायला लागल्या. "ती नको म्हणतेय. लिहिता-वाचता येतं ना तुम्हाला? हातही वाचता आला पाहिजे. बेचाळीस वर्षं मी फोटो काढतोय. माणूस नको म्हणाला तर कॅमेरा खाली ठेवायचा, ही पहिली इयत्ता आहे."

"काका, आर्टमध्ये प्रत्येकाचं इंटरप्रिटेशन…"

"आपण जरा शांत व्हा," दीपालीताई मध्ये पडल्या. "आपण म्हणता ते खरंही असेल. पण उद्या कुणीही येऊन म्हणेल, हा माझा मामा आहे, ती माझी मावशी आहे. मंडळाला काहीतरी आधार नको का? आपल्याकडे त्यांचा एखादा फोटो आहे?"

रंगनाथरावांनी पाकीट काढलं. आतला पासपोर्ट साइझचा फोटो त्यांनीच काढलेला होता. कपाळावर ठसठशीत कुंकू, घट्ट अंबाडा, पिन लावलेला पदर. दीपालीताईंनी तो हातात घेऊन मोठ्या फोटोशेजारी धरला, मान इकडून तिकडे वळवली.

"फारसं साम्य नाही हो," त्या म्हणाल्या, आणि खरंच त्या खोटं बोलत नव्हत्या. "शिवाय उद्या पाच वाजता बक्षीस समारंभ आहे. याच फोटोचं पोस्टर झालंय. आता ऐन वेळी काढायचा म्हणजे…"

"उद्या तिलाच घेऊन येतो," रंगनाथराव म्हणाले. "मग बघा साम्य."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टुडिओ उघडलाच नाही. द्वारकाबाईंना ऊन पाण्याने न्हाऊ घातलं, केस वाळवले, विंचरले. अंबाडा तीनदा सुटला, चौथ्यांदा बसला. साडी कशी नेसवायची हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, पण हाताला सवय नव्हती. निऱ्या घसरायच्या आणि ते स्वतःलाच शिव्या द्यायचे. कडी न लावणाऱ्याला, बटण न लावणाऱ्याला, 'मी आहे ना' म्हणणाऱ्याला. तेजसवर रागावणं त्या मानाने सोपं होतं. शेवटी पदराला खांद्यावर पिन लागली आणि कपाळावर कुंकू टेकलं.

"कुठी चाललो वो फोटोवाले?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"फोटो बघायला."

"कोनाचं लगन हाय?"

"आहे एकाचं," ते म्हणाले आणि रिक्षा थांबवली.

दालनात गर्दी होती. पाहुणे आले होते, समईत तेल घालणं चाललं होतं. तेजस नवा कुर्ता घालून दारातच उभा होता. त्याने रंगनाथरावांना पाहिलं आणि थोडा कावराबावरा झाला, मग त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंना वाकून नमस्कार केला. "या काकू, या ना आत," म्हणाला आणि पुन्हा पाहुण्यांकडे वळला.

ज्या चेहऱ्यासोबत तो पाच महिने बसला होता, शेकडो फोटोंतून ज्याची निवड केली होती, ज्याच्या एकेका सुरकुतीवर उजेड कमी-जास्त केला होता, तो चेहरा समोर आला तर त्याने ओळखला नाही. रंगनाथरावांना वाटलं होतं आपण ओरडू. पण आता त्यांचा राग इतका थंड झाला होता की आवाज अगदी साधा निघाला.

"ओळखलंत का?" त्यांनी विचारलं.

"सॉरी, कोण…" तेजस म्हणाला. मग त्याने एकदा भिंतीकडे आणि एकदा द्वारकाबाईंकडे पाहिलं. त्याचा हात आपोआप खिशातल्या मोबाइलकडे गेला आणि तिथेच थांबला.

रंगनाथरावांनी बायकोचा दंड धरून तिला थेट फोटोसमोर नेऊन उभं केलं. लोक बाजूला सरले. दीपालीताई टेबल सोडून पुढे आल्या. रंगनाथरावांनी काल रात्री जुळवलेलं भाषण ओठांवर आणलं होतं. या बाईने नको म्हटलं होतं इथून सुरू होऊन आपल्या आईचा असा फोटो टांगाल का इथे संपणारं. त्यांनी घसा खाकरला.

पण द्वारकाबाई आधी बोलल्या. त्या फोटोच्या अगदी जवळ गेल्या होत्या, काचेला नाक लागेल इतक्या.

"कोन हाय वो हे बाई?"

त्यांनी काचेवर बोट टेकवलं.

"अवो, गळा उघडा हाय तिचा. अन् हे लोक काय पाहून राह्यले?" त्या मागे वळल्या आणि सगळ्यांमधून नेमकं रंगनाथरावांनाच विचारलं, "कोनीच नाही काय वो तिचं?"

रंगनाथरावांचं भाषण कुठल्या कुठे गेलं. दालनातली सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती. त्यात तेजस होता, दीपालीताई होत्या, कालच्या दोन मुलींपैकी एक होती. नुकतीच आत आलेली उत्कर्षाही दाराशी होती, पाठीवरची ऑफिसची बॅगसुद्धा न उतरवता उभी.

"आहे," ते म्हणाले.

"मंग अशी कशी सोडली तिले?"

"दार उघडं राहिलं," रंगनाथराव म्हणाले. "त्याचं लक्ष नव्हतं."

द्वारकाबाईंनी जिभेने च्यक केलं. एखाद्याच्या नालायकपणाबद्दल जास्त बोलण्यात अर्थ नसतो तेव्हा बायका करतात तसं. मग त्यांनी पाठीवरून आपल्या पदराचं टोक पुढे ओढलं, दोन्ही हातांनी पसरलं आणि काचेवर धरलं. खांद्याच्या पिनेमुळे पदर तिरका ओढला जात होता, तरी त्या टाचा उंचावून धरून राहिल्या. "पाहू नका वो बाप्पा," त्या गर्दीला म्हणाल्या, "जरा थांबा. तिले सावरू द्या."

पदर चेहऱ्यापुरता आणि गळ्यापुरताच पुरला. उरलेल्या भागासमोर रंगनाथराव पाठ टेकवून उभे राहिले. त्यांनी उत्कर्षाकडे पाहिलं, नजर चुकवली नाही. मग तेजसला म्हणाले, "स्टूल आणा. फोटो उतरवायचाय."