वीजघार उडेल त्या दिवशी

पलंगापासून भिंतीपर्यंत सहा पावलं होती, आणि त्या सहा पावलांत तिनं वीजघार एकेचाळीस वेळा पाडली होती. भिंतीला एक जुनी गादी टेकवून ठेवलेली असे. विमान हातातून सुटायचं, दोन पावलं शहाण्यासारखं जायचं, मग कुणी मागून हाक मारल्यासारखं गर्रकन वळायचं आणि गादीवर आपटून खाली पडायचं.

"बेचाळीस," बाबा पलंगावरून म्हणाले. "वहीत लिही."

"लिहिते. पळून जातेय का मी?"

"तेच तर बघतोय."

बाबांनी एके काळी टीव्हीवरच्या मालिकेसाठी एक अख्खं आभाळ बनवलं होतं. पुठ्ठ्याची शहरं, प्लास्टरचे ग्रह, कापसाचे ढग. आणि त्या आभाळाची राणी, वीजघार. दीड हात लांब, हलक्या लाकडाची, निळ्या अंगाची. नाक सुईसारखं. पंख त्या नाकाजवळच सरकवलेले, कारण तसे ते ऐटबाज दिसायचे. शेपटीला चार जाड पितळी नळ्या, त्यातून धूर निघायचा. मालिकेत ती दर आठवड्याला ताऱ्यांपर्यंत जाऊन यायची. पुढे मालिका बंद पडली, आभाळ भंगारात गेलं, घार तेवढी बाबांनी घरी आणली.

सहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका मालिकेच्या कामावर बाबा परांचीवरून पडले, आणि कमरेखालचं सगळं परकं झालं. घर चौथ्या मजल्यावर. चाकाची खुर्ची लिफ्टच्या दारात चार बोटांनी अडते. चार बोटं काय ती, पण सहा वर्षांत बाबांना जमीन दिसली नाही.

आणि तिलाही फारशी नाही. घरात तिला भिंगरी म्हणत, लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून. विमानाच्या पंखांचं शास्त्र शिकलेली ही भिंगरी आता जेवायच्या टेबलावर बसून छताच्या पंख्यांच्या पात्यांचे हिशेब करायची, एका पंख्याच्या कारखान्यासाठी. "शिकली विमान, नशिबी पंखा," मावशी म्हणायची. पलंगाला एक घंटी बांधलेली होती. पाणी हवं, घंटी. कूस बदलायची, घंटी. माशी बसली, घंटी. ओतलं त्या भांड्याचा आकार पाण्यानं घ्यावा तशी ती त्या खोलीच्या आकाराची झाली होती. खाली दूध आणायला गेली तरी सहा पावलांनंतर तिचा पाय आपोआप अडखळायचा, समोर भिंत असल्यासारखा.

तीन आठवड्यांपूर्वी पत्र आलं. दोन दिवसांच्या प्रवासावरच्या शहरात एक प्रयोगशाळा होती. तिथं माणूस उभा राहील एवढा वाऱ्याचा बोगदा, त्यात विमानाचे पंख ठेवून वारा सोडतात आणि बघतात. तिथं तिला बोलावलं होतं. उत्तर आज, संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचं होतं. आईच्या पाठची मावशी इथं राहायला यायला तयार होती, तिची पिशवी तीन आठवडे तिच्या दाराशी भरून होती. प्रश्न पिशवीचा नव्हताच.

पत्र वाचून दाखवलं तेव्हा बाबांनी कपाटावरच्या घारीकडे पाहिलं होतं. मग म्हणाले, "ही उडेल त्या दिवशी जा."

"बाबा, ही उडणार नाही. वजन सगळं मागे, पंख सगळे पुढे. पहिल्या वर्गातलं पोर सांगेल."

"मग राहा."

"थट्टा करताय?"

"आकार बदलायचा नाही, वजन बदलायचं नाही. फेकायची तऱ्हा तेवढी तुझी. उडाली की तू सुटलीस. शब्द माझा."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, शब्द गेला खड्ड्यात. पण बाबांचा शब्द मोडून निघालेली मुलगी त्या बोगद्यात रोज काय ऐकेल, ते तिला ठाऊक होतं. घंटीच. म्हणून ती फेकत राहिली. जोरात, हळू, वरून, खालून, खुर्चीवर चढून. बेचाळीस झाले.

आज सकाळी टपालानं एक पाकीट आलं होतं. कुठल्याशा शाळामास्तरांचं. त्यांचा चार वेड्यांचा एक गट होता, टीव्हीवरल्या काल्पनिक विमानांपैकी कोणती खरोखर उडाली असती याची यादी ते करत होते. बशीसारखी कधीच नाहीत, बिनपंखांची तर नावच नको, पण वीजघारीवरून गटात भांडण होतं. मास्तरांनी लिहिलं होतं, 'साहेब, तुम्हीच निवाडा करा. जुनं चित्रीकरण साफ करून सोबत पाठवलं आहे. ढगात शिरतानाचं दृश्य जरूर पाहा.' पाकिटात पेनड्राइव्ह होता.

"लावू?" तिनं दुपारी विचारलं.

"नको. जुनं ते जुनं."

"तुमचंच काम आहे."

"म्हणून तर नको. वरणात मीठ कमी आहे."

मीठ कमी नव्हतं. वरणाचं नाव काढताना बाबांनी डोळे भिंतीकडे वळवले होते, आणि घार फेकली जात नसेल तेव्हा बाबा भिंतीकडे कधी बघायचे नाहीत, भिंतीशी त्यांचं वैर होतं. तिनं पेनड्राइव्ह टीव्हीत घातला.

पुठ्ठ्याचं शहर आलं. तारेला लटकलेली घार आली, हिसके खात, गळ लागलेल्या माशासारखी. तार चक्क दिसत होती. बाबा पुटपुटले, "बघ, काय बघायचंय त्यात." आणि मग ते ढगाचं दृश्य आलं.

घार वर चढली. हिसका नाही, तार नाही. चार सेकंद, पण काय चढली! तेल ओतावं तशी संथ. भिंगरी वाटीतला घास हातात धरून तशीच उभी राहिली. तिनं दृश्य पुन्हा लावलं. मग पुन्हा.

तिसऱ्यांदा तिला धूर दिसला.

धूर घारीच्या मागे नव्हता. तो पुढं होता, वाटेत आधीच पसरून ठेवलेला, आणि घार जाईल तसा तो गोळा होऊन शेपटीच्या नळ्यांत शिरत होता. सांडलेलं दूध उठून परत भांड्यात जावं तसा.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ही फीत उलटी चालवलीये."

बाबांनी घंटीची दोरी उगाच हातात घेतली आणि सोडून दिली.

"म्हणजे खरं तर ती खाली येत होती. शेपटी पुढं करून. कुणीतरी वरून फेकली. आणि तारेशिवाय चार सेकंद ती..."

वाक्य अर्धंच ठेवून ती गादीपाशी गेली. तीन आठवडे रोज समोर असलेली गादी तिनं पहिल्यांदा पाहिली. सुईसारख्या नाकाचं एकही भोक नव्हतं तिच्यावर. होते ते सगळे वाटोळे वळ, चार-चारच्या जोडणीनं उमटलेले. पितळी नळ्यांचे. बेचाळीस वेळा घार वाटेत वळली होती आणि बेचाळीस वेळा पाठ पुढं करून गेली होती. ती पडत नव्हती, वळायला मागत होती. वजन पुढं आणि पंख मागे, एवढंच तिला हवं होतं. आणि ही शिकलेली बाई दर वेळी तिला नाकाच्या दिशेनं ढकलत होती, कारण नाक पुढं असतं हे कुणी शिकवावंच लागत नाही.

तिनं घार उचलली, उलटी धरली आणि फेकली. सहा पावलं सरळ. ठप्प.

घार उचलून ती पलंगाकडे वळली.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"फेकणारा मीच होतो," बाबा म्हणाले. "परांचीवरून. खाली दोघं चादर धरून उभे होते. दिग्दर्शक म्हणाला, तारेनं चढताना मेलेली दिसते, काहीतरी कर. मी केलं."

"आणि मला म्हणालात, उडेल त्या दिवशी जा."

"खोटं नाही बोललो."

"खोटं नाही! बाबा, तुम्ही किल्ली खिशात ठेवून मला कुलूप उघडायला लावलंत. तीन आठवडे! आणि वर मोजत होतात!"

रडायची बाबांना सवय नव्हती, ते खोकले. "रोज सकाळी वाटायचं, हिला सापडू नये. रोज संध्याकाळी वाटायचं, एवढी शिकलीय, हिला सापडत कसं नाही? दोन्ही मीच गं. तू गेलीस की ही सहा पावलं माझी एकट्याची."

राग होता, पण तो ठेवायला त्या खोलीत जागा कुठे होती? त्याच खोलीत त्यांचाही सगळा संसार होता. तिच्या पायाला सहाव्या पावलाची भिंत होती, त्यांना पहिल्याचीच.

भिंतीवरचं घड्याळ सव्वाचार दाखवत होतं.

"खुर्ची आण," बाबा म्हणाले.

"कशाला?"

"आण म्हणतो ना. आणि तू ती धरतेस ना, भाकरी उलथल्यासारखी, तशी नाही धरायची. बाहेर चल. दाखवतो."

खुर्ची उंबऱ्याला अडली. तिनं मागून जोर लावला, बाबांनी चौकट धरून अंग ओढलं, दोघांच्या तोंडून एकच शिवी निघाली आणि चाकं बाहेरच्या सज्जात उतरली. सज्जात बाबा सहा वर्षांत आले नव्हते, कधी तिनं विचारलं नव्हतं, कधी त्यांनी मागितलं नव्हतं. खाली चौक. समोर शाळेचं लांबलचक पत्र्याचं छप्पर. वारा समोरून येत होता.

बाबांनी घार घेतली. सुईसारखं नाक तीन बोटांच्या चिमटीत, पितळ पुढं. मनगट सहा वर्षं झोपलेलं नव्हतं, तेवढं कळलं. ते गुणगुणायला लागले. आई होती तेव्हा भाजी निवडताना स्वतःशीच ओव्या जोडायची, त्यातली एक; भिंगरीला पहिलीच ओळ आठवत होती:

वाऱ्याला गं नाही घर, वाऱ्याला नाही दार...

"पुढं काय होतं?" तिनं विचारलं.

बाबांनी हात मागे घेतला.

"त्याच्या पायी बांधू कशी माझ्या मायेची तार."

आणि सोडली.

घार पाठमोरी निघाली. जाणारं माणूस घराकडे तोंड करून मागे मागे चालत जातं, तशी. नाक त्यांच्याकडे, पितळ उन्हात. चौक ओलांडला, एक हेलकावा घेतला, सावरली, शाळेच्या छपरावरून थोडी घसरत गेली आणि पन्हाळीपाशी टेकली. हळूच. एक पंख वर.

खालून कुणीतरी ओरडलं, "काय पडलं हो?"

"पडलं नाही!" बाबा गरजले. "उतरलं!"

तिनं कठड्यावर हात टेकून मान लांब करून पाहिलं.

"आता ती आणणार कोण?" बाबा म्हणाले. सवयीनं. म्हणून झाल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं.

तिनं कठड्यावरचा हात काढला. "मी नाही."

बाबांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा. "शाळेच्या शिपायाला सांगतो. तो काय, माझ्याच मालिकेवर वाढलाय." मग आतल्या घड्याळाकडे न बघता म्हणाले, "पाचाला किती कमी आहेत?"

"वीस मिनिटं."

"मग उभी काय राहिलीस? फोन लाव. आधी तिकडे. मग मावशीला. तिला म्हणावं, पिशवी घेऊन ये, पण घोरायचं नाही."

ती आत गेली. फोन पलंगाच्या उशाशी होता, घंटीशेजारी. पलीकडून कुणीतरी विचारलं, कोण बोलतंय, आणि तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, कितीतरी दिवसांनी. सज्जातून बाबांचा आवाज येत होता. ते खालच्या माणसाला हातवारे करून समजावत होते की विमान नेहमी नाकाकडूनच जातं असं कुणी सांगितलं तुला.