वजनमापे विभागाचं पान

"अहो, विभाग बंद पडला तो पडला, पान तरी राहू द्या की!" मी चहाचा कप संगणकाशेजारी जरा आदळूनच ठेवला.

आमच्या यांनी वजनमापे विभागात एकतीस वर्षं कारकुनी केली. निवृत्त झाल्यावर लोक बागेत जातात. हे इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात गेले. देशाच्या सरकारवरची पानं नीट लावायची, हा यांचा उद्योग. कुणी एका पानाला 'खातं' म्हणावं, दुसऱ्याला 'मंत्रालय', की यांचा जीव कासावीस. राजपत्र उघडून खरं नाव शोधणार आणि शंभर पानांची नावं एका साच्यात आणणार. तेही फुकट! मी कपाळाला हात लावायचे, पण मनातून कौतुकच वाटायचं. तिथे सगळे यांना 'काका' म्हणतात आणि यांचा शब्द मोडत नाहीत.

नियमही यांनीच घालून दिलेला. बंद पडलेल्या विभागाला स्वतंत्र पान हवं, तर सरकारबाहेरच्या तिघांनी तरी त्याच्यावर लिहिलेलं हवं. नाहीतर तो मंत्रालयाच्या पानात एका ओळीत जाणार. आता कुणीतरी वजनमापे विभागाचं पान ठेवायचं की नाही, म्हणून चर्चेला काढलं होतं आणि निकाल काकांनीच द्यावा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. काका त्याच विभागात नोकरीला होते, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

चार दिवस यांनी वाचनालय पालथं घातलं. दोनच लेख सापडले.

"एकानं काय बिघडतंय? कोण बघतंय?" मी म्हटलं.

"मी बघतोय ना. मागे एका बाईंनी, वडील नोकरीला होते त्या बंद खात्याचं पान ठेवा म्हणून किती विनवलं होतं. त्यांच्याकडेही दोनच होते. मी नाही म्हटलं. आता स्वतःसाठी कुठल्या तोंडानं हो म्हणू?"



चष्मा पुसून हे बसले. सगळा मजकूर काढला, एक ओळ मंत्रालयाच्या पानात नेऊन ठेवली. एकतीस वर्षांची एक ओळ! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असा सरळ माणूस आपल्या वाट्याला आला, याचा अभिमानही वाटला.

मग यांनी शोधाच्या चौकटीत जुनं नाव टाईप केलं. मंत्रालयाचं पान उघडलं. जुन्या नावानं कुणी शोधत आलंच, तर त्याला योग्य जागी पोचवायची सोय यांनी करून ठेवली होती. पुन्हा टाईप केलं. पुन्हा तेच पान.

तिसऱ्यांदाही करून पाहिलं.

"जातंय बरोबर," हे म्हणाले आणि तसेच बसून राहिले.