नदीच्या वाट्याची खाच

मित्रांनो, माझ्यातून आजवर एकही माणूस आत-बाहेर गेलेला नाही, तरी मी दरवाजाच आहे. सारेल नदीवरच्या दगडी बंधाऱ्यात, दोन खांबांच्या मध्ये, मी सहासष्ट वर्षे उभा आहे. मला खाली सोडले की पाणी अडते, फुगते आणि डावीकडच्या पाटाने बेनिसारा गावाच्या बागांत जाते. मला वर उचलले की ते माझ्या पायाखालून सुटते आणि नदीने खाली, पोब्लेता गावाकडे आणि तिथून समुद्राकडे जाते. माझे काम एवढेच. पण या एवढ्याशा कामापायी माझ्यासमोर पुष्कळ भांडणे झाली, आणि एका बाप-लेकीचे तर बोलणेच बंद झाले. तीच गोष्ट तुम्हांला सांगतो.

मी तुतीच्या लाकडाचा. रेशमाचे किडे पाळणे गावाने सोडले, तशी तुतीच्या पाल्याची गरज संपली आणि पाटाच्या काठावरचे ते थोरले झाड सुताराने तोडले. त्याच्या सहा फळ्या लोखंडी पट्ट्यांनी जखडून त्याने मला घडवले. तेव्हा चिमो नुकताच पाटकरी झाला होता. पाणी कोणाच्या बागेत केव्हा सोडायचे, हे पाहणारा माणूस म्हणजे पाटकरी. पहिल्यांदा मला खाली सोडले, तेव्हा चिमो दगडावर पालथा पडून माझ्या बुडाशी डोळे लावून बघत राहिला. मग उठून कपडे झटकत म्हणाला, "थेंब गळत नाही. याला म्हणतात दरवाजा."

ते वाक्य मी जन्मभर मिरवले. कोणी पाहुणा आला की चिमो त्याला मला दाखवायला घेऊन येई.

ते दिवस भरल्या पाण्याचे होते. उत्तरेच्या डोंगरांवर वैशाखापर्यंत बर्फ असे. आई लेकराला घास घास भरवते, तसा तो डोंगर नदीला थोडे थोडे पाणी देई. बेनिसाराची संत्री आणि डाळिंबे भिजून उरलेले पाणी बंधाऱ्यावरून सांडे आणि पोब्लेतालाही पुरे.

चिमोचे गुडघे गेले, तेव्हा त्याची थोरली लेक फेर्मिना पाटकरीण झाली. दरवर्षी जूनच्या पहिल्या सकाळी ती खांबावर पाण्याच्या पातळीची रेघ ओढी. मित्रांनो, त्या रेघा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या खाली खाली येत गेल्या. डोंगरावरचा बर्फ आधी पातळ झाला, मग दिसेनासा झाला. पाऊस अगदीच गेला नव्हता, पण तो आता सगळा एका दिवसात येई. चिखल आणि उन्मळलेली झाडे घेऊन मला धडका देई आणि पुढे सात-सात महिने तोंड दाखवत नसे. त्या वर्षांत माझ्या पट्ट्यांवर गंज चढला. शहरातून माणसे आली, मला ठोकून पाहिले, 'याच्या जागी पोलादी बसवू' म्हणाली आणि गेली. पुन्हा कोणी फिरकले नाही.

कोरड्या वर्षांतले ते तिसरे. मार्चपासून मला कोणी उचललेच नव्हते. जे चार घोट येत, ते सगळे पाटात जात. माझ्या पायाखाली नदी नव्हती, नुसते गोटे होते.

जूनमध्ये एका रविवारी, दुपारच्या जेवणाआधी, दोन्ही गावची माणसे बंधाऱ्यावर जमली. फेर्मिनाची धाकटी बहीण चेलो पोब्लेतात दिलेली. ती मोठी किटली घेऊन आली होती.

"आधी कॉफी घ्या," ती म्हणाली. "कोरड्या घशानं भांडायला मजा नाही."

बेनिसाराच्या पाटाचे पुढारी बेर्नातकाका. त्यांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. "पोरी, साखर समजून मीठ घातलंस की काय?"

"मी काहीच घातलं नाही, काका. आमच्या विहिरीचं पाणीच असं झालंय. दोन वर्षं झाली, आमची लेकरं हेच पितात."

बाकीच्यांनीही पेले तोंडाला लावले. नदी समुद्रापर्यंत पोचली नाही की समुद्र जमिनीखालून चालत वर येतो, हे सगळ्यांनी ऐकलेले होते. चाखले त्या दिवशी.

"पण पाऊसच नाही, त्याला आम्ही काय करणार?" बेर्नातकाका हळू आवाजात म्हणाले. "आमची झाडं मारायची का?"

"सगळी नाही," फेर्मिना म्हणाली. "पण काही जातील, ते मी लपवत नाही. इथून पुढं पाणी तिघांत वाटायचं. वरचं गाव, खालचं गाव आणि नदी स्वतः. नदीचा वाटा पहिल्यांदा बाजूला काढायचा. उरेल त्यात आपण भागवायचं. पाटाच्या शेपटाकडच्या, अगदी शेवटच्या बागांना यंदा पाण्याची पाळी मिळणार नाही."

मागून कोणीतरी टोमणा मारला, "आधी बहीण खाली दिली, आता पाणीही खाली चाललंय."

बेर्नातकाकांनी त्याला हातानेच गप्प केले. "फेर्मिना, शेपटाला तुमचीच डाळिंबं आहेत ना?"

"आमचीच आहेत."

"आणि उद्या तुझ्या जागी दुसरा कोणी आला नि हे सगळं विसरला तर?"

"म्हणून तर नुसता शब्द देत नाही." तिने वाकून माझ्या बुडाला हात लावला. "इथं खाच पाडायची. वीतभर रुंद, चार बोटं उंच. मग दरवाजा कितीही घट्ट लावा, तेवढं पाणी नदीला जाणारच."

हात वर व्हायला वेळ लागला. काही झालेच नाहीत. बेर्नातकाकांनी अखेर हात वर केला, तेव्हा कॉफीचा पेला त्यांच्या हातातच होता.

चिमो खुर्चीवर बसून होता. तो काठी टेकत उठला. "जन्मभर मी यातून थेंब जाऊ दिला नाही," तो लेकीला म्हणाला. "आणि तू माझ्या डोळ्यांदेखत त्याला भोक पाडणार."

"बाबा, ऐका तरी."

तो ऐकायला थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला काढून दगडांवर आडवे केले. करवत चालली. खरे सांगतो मित्रांनो, दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटली. गळका दरवाजा कोणाच्या कामाचा? मला परत बसवले आणि माझ्या पायाशी पाणी वाहू लागले. त्याचा बारीक आवाज मी रात्रंदिवस ऐकत असे आणि प्रत्येक वेळी मला चिमोचे ते वाक्य आठवे.

उन्हाळाभर चिमोने लेकीशी अबोला धरला. चेलो येऊन समजूत घाली. "ताई, त्यांची झाडं वाळताहेत ना. झाडांचा राग तुझ्यावर निघतोय."

"निघू दे," फेर्मिना म्हणे. "कोणावर तरी निघायलाच हवा."

डाळिंबांची एक्केचाळीस झाडे गेली. पोब्लेतापर्यंत ओल पोचायला ऑगस्ट उजाडला, आणि विहिरीतला खारटपणा जरा उतरायला पुढचा हिवाळा जावा लागला.

मार्चमधल्या एका सकाळी फेर्मिना माझ्यापाशी वाकली आणि तशीच थबकली. मग लगबगीने गावाकडे गेली आणि बापाला हाताला धरून घेऊन आली. माझ्या खाचेतून, धारेच्या उलट, सुईएवढे पारदर्शक जीव अंग घुसळत वर चढत होते. समुद्रात जन्मलेली, सापासारख्या लांबट वाम माशाची पिल्ले होती ती. एक मागे ढकलले जाई, पुन्हा चढे.

चिमो कितीतरी वेळ पाहत राहिला. मग त्याने पाण्यात हात घालून माझ्या खाचेच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"कड तशीच खरखरीत ठेवलीस," तो म्हणाला. नऊ महिन्यांनंतरचे ते त्याचे पहिले बोलणे. "कापलेलं लाकूड असं उघडं टाकतात का? कुजेल ना. ही पोरं वर गेली की याला वर घे. घासून जवसाचं तेल लावू."

"लावू, बाबा."

"आणि डाळिंबांच्या जागी काय लावणार आहेस?"

"बदाम. त्याला पाणी कमी लागतं."

"मग खड्डे आत्ताच घ्यायला हवेत," चिमो म्हणाला आणि बसण्यासाठी लेकीच्या हाताचा आधार मागितला.

मित्रांनो, तुमच्याही नदीवर माझ्यासारखे कोणी उभे असेल. त्याचा गंज काढा, त्याला तेल द्या. पाणी मनसोक्त घ्या, नदी नाही म्हणत नाही. फक्त घेताना एकदा वळून तिच्या खालच्या वाटेकडे बघा. ती वाट ओली आहे ना, एवढे बघा.

त्या दिवशी तेल लावायला संध्याकाळ झाली. कारण शेवटचे पिल्लू वर जाईपर्यंत चिमोने मला कोणाला हलवू दिले नाही.