कॉलर माइकची कैफियत

मी कॉलरला लावतात तो माइक बोलतोय. दचकू नका. पंचवीस वर्षं माझ्यातून दुसरेच बोलत आले. आता अगदी गळ्याशी आलंय, म्हणून तोंड उघडलं.

आकाराने मी शेंगदाण्याएवढा. मागे चिमटा, चिमट्याखाली वायर आणि वायरच्या टोकाला कमरेला अडकवायची छोटी डबी. मी जे ऐकतो ते त्या डबीतून थेट काचेपलीकडच्या खोलीत जातं. तिथे तात्या बसतात. तात्या म्हणजे आमच्या वाहिनीचे साउंडवाले. मला खोक्यातून बाहेर काढलं ते त्यांनीच. ओठांशी धरून "एक, दोन, तीन" म्हणाले, कान देऊन ऐकलं आणि मान डोलावली. मी कुठल्यातरी कारखान्यात बनलो असणार, पण मला आठवतं ते त्या "तीन"पासूनचं.

कामाला लागलो तो रविवारी सकाळी दहाच्या मुलाखतीला. एक टेबल, दोन खुर्च्या. एका खुर्चीत बाई, दुसरीत कुणी मंत्री नाहीतर विरोधी पक्षाचा नेता. मी पाहुण्याच्या कॉलरवर. कार्यक्रम थेट, अर्ध्या तासाचा, मध्ये तीन मिनिटांची जाहिरात.

बाई म्हणजे वाहिनीच्या राजकीय बातमीदार. पन्नाशीच्या, किडकिडीत, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. आवाज कधी चढला नाही. एका रविवारच्या मुलाखतीसाठी सोमवारपासून कागद वाचायच्या. अहवाल, सभागृहातली भाषणं, जुनी उत्तरं. प्रश्न विचारून झाला की गप्प बसायच्या. पाहुणा चुळबुळायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, टाय सैल करायचा. बाई गप्पच. मी छातीशी असल्यामुळे खोटं यायच्या आधीच मला चाहूल लागायची. छाती धडधडायची, मग मोठा आवंढा, मग "त्याचं असं आहे बघा..."

एका रविवारची गोष्ट सांगतो, म्हणजे माझा वैताग कुठून आलाय ते कळेल.

त्या दिवशी पाणीपुरवठा मंत्री आले होते. नदीकाठच्या वस्तीत आठवडाभर लोक आजारी पडत होते, दवाखान्यात खाटा पुरत नव्हत्या. नळाचं पाणी तपासल्याचा एक अहवाल आहे, असं बाईंना कळलं होतं. तो मंत्र्यांच्या टेबलावर कधी आला, एवढंच त्यांना हवं होतं.

"साहेब, अहवाल तुमच्या हातात कधी आला?"

"आमचं सरकार लोकांच्या आरोग्याबाबत अत्यंत गंभीर आहे."

"कधी आला?"

"विरोधकांच्या काळात काय झालं, तेही विचारा ना."

"तेही विचारेन. अहवाल कधी आला?"

असं सात वेळा. मी मोजत होतो. जाहिरात लागली तसे मंत्री उठले आणि आपल्या सहायकाला घेऊन बाहेरच्या बोळात गेले. मी कॉलरवरच. डबी चालू.

"हिला अहवालाचं कुणी सांगितलं?" मंत्री कुजबुजले. "मार्चमध्येच आलाय म्हणावं का आता हिला? त्या सचिवाला सांग, तोंड उघडायचं नाही."

मे महिना संपत आला होता.

काचेपलीकडे तात्यांनी हेडफोन कानावर घट्ट दाबून धरले. शेजारी संपादक उभे होते, त्यांनीही ऐकलं. दोघे धावत बाईंकडे आले. पुढचं भांडण बाईंच्या स्वतःच्या माइकने ऐकलं. आम्ही एकाच डब्यात झोपतो, त्याने मला सगळं सांगितलं.

"टेप झालंय," संपादक म्हणाले. "जाहिरात संपली की लावतो."

"नाही," बाई म्हणाल्या. "ते मला सांगितलेलं नाही. माइक चालू आहे हे त्या माणसाला ठाऊक नाही."

"अहो, लोक पितायत ते पाणी! आत्ता, या घटकेला!"

संपादकांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे बाईंनाही कळत होतं. मग चष्मा वर सारून त्या उठल्या आणि तडक बोळात आल्या.

"साहेब, तुमच्या कॉलरवरचा माइक चालू आहे. आम्ही ऐकलं."

मंत्र्यांच्या छातीत एक ठोका चुकला. मी तिथेच होतो. "हा विश्वासघात आहे," ते म्हणाले.

"तुम्ही काढायला विसरलात, आम्ही बंद करायला विसरलो. ते मी दाखवणार नाही. पण ऐकलंच नाही असं मला वागता येणार नाही. जाहिरात संपायला दीड मिनिट आहे. परत येऊन बसलात तर तोच प्रश्न विचारणार."

"आणि नाही आलो तर?"

"तर साहेब निघून गेले, एवढंच सांगेन."

मंत्री आले. का आले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. सहायक बाही ओढत होता, तरी आले. बाईंनी विचारलं, "अहवाल कधी आला?" आणि नेहमीसारख्या गप्प बसल्या. माझ्या कानात फक्त ठोके. मग मंत्री म्हणाले, "मार्चमध्ये. नऊ तारखेला."

"मग ते पाणी लोक अजून पितायत?"

"...हो."

"पिऊ नका, हे आत्ता इथून सांगाल?"

त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. "नदीकाठच्या वस्तीतल्या लोकांनी नळाचं पाणी पिऊ नये," ते म्हणाले. दुपारपर्यंत वस्तीत टँकर पोचले होते.

कार्यक्रमानंतर स्टुडिओ रिकामा झाल्यावर बाई तात्यांना म्हणाल्या, "तात्या, मी त्यांना धमकावलं का हो?"

"तुम्ही फक्त माइक चालू आहे एवढंच सांगितलंत."

"एवढंच नव्हतं ते."

पुढच्या रविवारी बाईंनी सुरुवातीलाच प्रेक्षकांना सगळं सांगितलं. माइक कसा चालू राहिला, त्यांनी बोळात जाऊन काय म्हटलं, अगदी शब्दन् शब्द. मंत्री बोळात काय म्हणाले, ते मात्र नाही. "ते उत्तर कसं मिळालं, हे तुम्हाला माहीत असायला हवं," त्या म्हणाल्या. "मी चुकले असं वाटलं तर लिहा." पोतंभर पत्रं आली. निम्म्यांनी झोडपलं. बाईंनी सगळी वाचली.

आता पुढचं ऐका. इथून माझं डोकं उठायला सुरुवात होते.

बाईंना कुणी काढलं नाही. नुसतं दहाचं सातवर नेलं. मग अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं केली. मग नवे साहेब आले. "बाई, प्रश्न थोडे आटोपशीर घ्या, आणि जरा जोशात," असं ते हसून म्हणाले. बाईंनी घसरलेला चष्मा वर केला, "बरं" म्हणाल्या, आणि महिन्याभरात निवृत्तीचा अर्ज दिला. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला चिमट्यात धरून तात्यांच्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "जपा याला. याने बरंच ऐकलंय."

त्यानंतर आला भोंगा. खरं नाव वेगळं आहे, पण काचेपलीकडच्या खोलीत सगळे त्याला भोंगाच म्हणतात. चाळिशीचा, तरतरीत, केस जागच्या जागी. दोन खुर्च्यांच्या नऊ झाल्या. मागे भिंतभर पडदा, पडद्यावर ज्वाळा. कांद्याचे भाव असोत की परीक्षेचं वेळापत्रक, ज्वाळा ठरलेल्या.

आणि मी? रोज नवी कॉलर. कधी या पक्षाचा प्रवक्ता, कधी त्या. गंमत सांगू? कार्यक्रमाआधी हे दोघे शेजारी बसून गुडघेदुखीवर बोलतात. "तेल लावून बघा हो, मला गुण आला." "कुठलं? नाव सांगा ना." मग लाल दिवा लागतो आणि हेच दोघे एकमेकांना देशद्रोही ठरवतात. दिवा विझला की पुन्हा, "हां, तर त्या तेलाचं काय म्हणत होतात?" छाती तेव्हाही शांत आणि आताही शांत. पूर्वी खोटं बोलताना माणसाची धडधड तरी वाढायची!

ओरडून ओरडून माझ्या जाळीत थुंकी साचते. तात्या रोज फुंकर मारून, मऊ ब्रशने साफ करतात आणि पुटपुटतात. काय पुटपुटतात ते इथे सांगण्यासारखं नाही. सुरुवातीला एकाचा आवाज नीट यावा म्हणून ते बाकीच्यांचा हळूच खाली करायचे. वरून निरोप आला, सगळ्यांचे माइक सगळा वेळ उघडे ठेवा. पंचवीस वर्षं ज्या माणसाने आवाज सुटा करायची कला जपली, त्याला आता गोंगाट सांभाळायला बसवलंय.

या वर्षी बाई गेल्या. झोपेतच गेल्या म्हणे. त्रास झाला नाही, एवढंच बरं.

वाहिनीने त्यांच्यावर कार्यक्रम ठेवला. रविवारी सकाळी दहाला. तात्या आदल्या दिवशी म्हणाले, "चला, निदान वेळ तरी त्यांची दिली." मग पडद्यावर विषय झळकला: "पत्रकारितेचा वारसा कुणी बुडवला?" मागे ज्वाळा. आठ पाहुणे. त्यात एक बाईंची लेक. ती शाळेत गणित शिकवते, साधी, आईसारखीच किडकिडीत. तात्या स्वतः उठून आले आणि मला तिच्या कॉलरला लावलं. "तुमच्या आईचा लाडका माइक आहे," म्हणाले. तिने मला बोटाने हळूच चाचपलं.

कार्यक्रम सुरू झाला. भोंगा गरजला, "ताई! आज तुमच्या आई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

"आईने आधी विचारलं असतं की—"

"एक मिनिट!" पलीकडचा प्रवक्ता ओरडला. "वारसा बुडवला तो यांच्या राजवटीने!"

"तुमच्या राजवटीत बाईंचा कार्यक्रम सातला नेला!"

"ताई, बोला!"

"मी म्हणत होते, आई विचारायची—"

"खाली बसा!" "तुम्ही खाली बसा!"

चार वेळा तिने तोंड उघडलं, चारही वेळा वाक्य अर्ध्यावर तुटलं. जाहिरात लागली. सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. लेक भोंग्याकडे वळली.

"एक विचारू का? तुम्ही माझ्या आईची एक तरी मुलाखत पूर्ण पाहिली आहे?"

मला वाटलं, आता हा फेकणार. पण तो गडबडला. "खरं सांगू ताई? पूर्ण नाही. तुकडे पाहिलेत."

"कसे वाटले?"

"भीती वाटली. त्या प्रश्न विचारून इतका वेळ गप्प कशा बसत?" त्याने कानातल्या यंत्राला हात लावला. "मी दोन सेकंद थांबलो तर यातून ओरडतात, पेटव, पेटव. मलाही घर आहे हो."

"घर आम्हालाही होतं," लेक म्हणाली. रागाने नाही, साधंच.

लाल दिवा लागला. भोंगा पुन्हा भोंगा झाला. लेक थोडा वेळ बसली. मग तिने मला कॉलरवरून अलगद काढलं, कमरेची डबी सोडवली, आम्हाला टेबलावर ठेवलं आणि वाकून कॅमेऱ्याच्या मागून निघून गेली.

कुणाच्या लक्षातच आलं नाही. अकरा मिनिटं. पडद्यावरच्या आठ चौकटींतल्या एका चौकटीत रिकाम्या खुर्चीची पाठ दिसत होती. खाली लिहिलेलं, "ज्येष्ठ पत्रकाराची कन्या". मी टेबलावर उताणा पडून सात जणांचं ऐकत होतो. शेवटी भोंग्याने कागदावरून नजर न काढता सवयीने सांगितलं, "आता सगळे शांत! ताई, समारोपाची दहा सेकंदं फक्त तुमची!"

सगळे गप्प झाले. इतर सात माइक तात्यांनी बंद केले. माझा उघडा ठेवला.

एअर कंडिशनरची घरघर. कुणाच्यातरी घड्याळाची टिकटिक. भोंग्याने मान वर केली, खुर्ची पाहिली. त्याचं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. मी ते सगळं घराघरांत पोचवलं. दहा सेकंदं, पूर्ण.

दुसऱ्या दिवशी वाहिनीने दिवसभर पट्टी चालवली: "लेकीचा थेट प्रक्षेपणातून सभात्याग! सर्वात आधी आम्ही दाखवलं!" आता मी काय डोंबल बोलू?

तात्यांकडून माइक उघडा ठेवल्याबद्दल लेखी खुलासा मागवला. त्यांनी एका ओळीत लिहिलं, "ताईंची वेळ होती, ती त्यांना दिली." पुढे काही झालं नाही. बहुतेक कुणी वाचलंच नसेल.

माझं म्हणाल तर चिमटा सैल झालाय, त्याला काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. वायर मानेशी चिरली आहे. तात्या पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. नव्या माणसाने मला उलटंपालटं करून पाहिलं आणि "अजून हा चालतो?" असं विचारलं. चालतो, बाबा. ऐकायला कुणी काही देत नाही, एवढंच. उद्या पुन्हा आठ जण येतील. विषय अजून ठरलेला नाही, भांडण ठरलंय.

तुम्ही घरी बसून बघता, म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. कार्यक्रम संपला की शेजारी बसलेल्या माणसाला विचारा, "प्रश्न काय होता, आणि उत्तर काय मिळालं?" सापडलं तर मला जरूर कळवा. मी तिथेच होतो, अगदी छातीशी. मला नाही सापडलं.