रोक्कामोराचा मनोरा

२०२२ सालची दिवाळी. पार्सिपनीतल्या घरामागच्या अंगणात शरयूताई चिखल थापत होत्या आणि शेजारची फिलोमेना घडीच्या खुर्चीत बसून चुका काढत होती.

किल्ला खरं तर नातीसाठी, पंधरा वर्षांच्या इलासाठी, सुरू झाला होता. कुंपणापलीकडून तो दगडमातीचा ढीग पाहून फिलोमेना म्हणाली, आमचं रोक्कामोरा अशाच टेकडीवर आहे. इटलीतलं ते गाव तिने पंधराव्या वर्षी सोडलं होतं. आता घर विकून ती मुलाच्या गाडीतून त्याच्याकडे ओहायोला राहायला जाणार होती, आणि विमानाचा लांबचा प्रवास डॉक्टरांनी कायमचा बंद केला होता. गाव एकदा डोळ्यांनी बघायचं राहून गेलं, एवढंच ती म्हणाली. शरयूताईंनी मावळे पुन्हा खोक्यात भरले.

गडाच्या रीतीने, शत्रूला दिसू नये म्हणून, त्यांनी दरवाजा तटाच्या वळणाआड दडवला, तशी फिलोमेना हसली.

"शत्रू सोड, पोस्टमनलासुद्धा सापडायचा नाही. आमचा सरळ रस्त्यावर आहे."

दरवाजा सरळ झाला. चर्चच्या पायऱ्या दोनदा मोडून केल्या. कारंजं बोटभर डावीकडे सरकलं, कारण तिथे धुणं धुताना तिच्या आईला चर्चचं दार दिसायचं. याबाबतीत फिलोमेना कुणाचं ऐकणारी नव्हती.

"आजी, दॅट्स नॉट अ फोर्ट," इला म्हणाली.

"नसू दे. तू अळीव पेर."

शेवटी राहिला घंटेचा मनोरा. शरयूताई ओल्या तळव्याने मातीला गोल आकार देत बसल्या. हात न थांबवता त्यांनी सांगितलं, की भोरला त्यांच्या अंगणात बुरूज करायचे ते भाऊ. मुलींनी अळीव पेरायचे, पाणी शिंपडायचं. बुरुजाला हात लावायला मिळाला तो आज, एकाहत्तराव्या वर्षी.

"बघ गं, जमलाय का?"

फिलोमेनाने बोट उचललं. मग ते खाली घेतलं, चष्मा काढला आणि स्वेटरच्या टोकाने सावकाश पुसला.

"अगदी असाच," ती म्हणाली.

अंधार पडल्यावर चर्चच्या दारात पणती लावली. ती विझेपर्यंत फिलोमेना बसून होती.

ओहायोत ती दीड वर्ष राहिली आणि एका पहाटे झोपेतच गेली. तिची जपमाळ गावच्या चर्चमध्ये ठेवायला मुलगा डॉमिनिक रोक्कामोराला गेला, आणि तिथून त्याने शरयूताईंना फोटो पाठवला. पायऱ्या तशाच. कारंजं जागच्या जागी. दरवाजा सरळ रस्त्यावर. मनोरा मात्र चौकोनी होता, चांगल्या धारदार कोपऱ्यांचा. शरयूताईंनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

इला एव्हाना गाडी चालवू लागली होती. त्या वर्षी दिवाळीला मातीची पोती तिनेच आणली, आणि आजीच्या फोनमधला फोटो समोर ठेवून मनोरा कसा करायचा ते विचारलं.

शरयूताईंनी फोन पालथा ठेवला आणि हात ओले केले.

"गोल," त्या म्हणाल्या.