मोगरीचा पान्हा आणि दुग्धेश्वर महाराज

त्या सकाळी आंबिवलीच्या आमच्या तबेल्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मोगरी म्हैस दूध देत होती आणि माणसं तिला हात जोडत होती.

"जय दुग्धेश्वर!" कोणीतरी ओरडलं.

दुग्धेश्वर महाराज कोपरीहून आलेले. मोगरीच्या कपाळावर बोट ठेवून त्यांनी लांबलचक मंत्र म्हटला. तोवर त्यांचा चेला खाली बसून तिच्या कासेला तीर्थ चोळत होता. मंत्र संपल्यावर चेल्याने दूध काढायच्या यंत्राचे पेले सडांना लावले आणि नळीतून दूध सरसर धावलं.

माझी बायको रंगूबाई गेली आणि मुलाने, मितेशने, हे यंत्र आणलं, तेव्हापासून मोगरी आणि दुसरी म्हैस चांदी, दोघी पान्हा चोरत होत्या. पेले लावले तरी नळी कोरडीच.

"रंगूबाईचा आत्मा इथेच आहे," महाराज म्हणाले. "रोज दूध तीच पिते. तिचा फोटो, साड्या, सगळं खाडीत सोडा. घरात तिचं नाव काढू नका."

"महाराज, जिवंत होती तोवर ती कोरा चहा प्यायची," मी म्हणालो. "दुधाचा वाससुद्धा खपायचा नाही तिला. मेल्यावर चव बदलली का?"

"महिपतभावजी, गप बसा हो," शेजारच्या विमलाबाई कुजबुजल्या. "कोप होईल."

"बाबा, प्लीज," मितेश म्हणाला. आईचा फोटो त्याने भिंतीवरून काढलेलाच होता.

गुरांच्या डॉक्टर मेघना लस टोचायला आलेल्या. त्यांनी चेल्याच्या बादलीत हात घातला.

"तीर्थ चांगलं कोमट आहे की! महाराज, आता चांदीवर नुसता मंत्र म्हणा. कासेला कोणी हात लावायचा नाही."

"श्रद्धा नसेल तिथे मंत्र चालत नाही."

"कोणाची श्रद्धा? माझी की म्हशीची?"

लोक हसले, तेव्हा महाराजांना म्हणावंच लागलं. घसा बसेपर्यंत म्हटलं. पेले लावले. नळी कोरडी. चांदीने तेवढं शेण टाकलं, महाराजांच्या पायाशी.

मग डॉक्टरांनी मितेशला चांदीजवळ खाली बसवलं. कास कोमट पाण्याने धू, पूस, सडांवरून हात फिरव, घाई करू नको. हळूहळू सड भरून आले. पेले लावले आणि दूध आलं.

मितेश म्हणाला, "हे तर आई करायची."

"तेच तर," डॉक्टर म्हणाल्या. "दूध कासेत असतं, पण म्हशीने सोडल्याशिवाय उतरत नाही. हात फिरला की ती सोडते, पण तिला जरा वेळ लागतो. तू यंत्र आणलंस आणि आईचं काम बंद केलंस. मंत्र फक्त तेवढा वेळ काढायला होता. काम चेल्याने केलं."

महाराज रिक्षाकडे निघाले.

"अहो, तीर्थ राहिलं तुमचं!" विमलाबाईच ओरडल्या.

मितेशने फोटो पुसून परत खिळ्याला लावला.

मी शिकलेला नाही, पण एवढं सांगतो. घरातलं माणूस गेलं की त्याचं काम थांबतं. मग काही बिघडलं तर त्या माणसाला भूत ठरवू नका. ते काय काम करत होतं ते आठवा आणि करायला घ्या.