बत्तीस जीबीचा मी

मित्रांनो, लॅपटॉपांमधला अगदी स्वस्तातला, जुनापुराणा गडी म्हणजे मी! पोटात जागा फक्त बत्तीस जीबी. विकतानाच दुकानदार म्हणाला होता, "याच्यावर फार भार टाकू नका हं!"

मी आलो या घरातल्या धाकटीकडे. तीन वर्षं ती माझ्यावर चित्रं काढत होती. एका आंधळ्या मांजरीची गोष्ट, एकशे चाळीस पानं! मी इतका रखडायचो, की फाईल उघडेपर्यंत हिची वेणी घालून व्हायची. तरी बिचारीने कधी आदळआपट केली नाही. दादा मात्र जाता-येता टपली मारायचा. "काय गं, तुझा म्हातारा अजून आहे का?"

मग एक दिवस पुस्तकं छापणाऱ्या बाईंचा फोन आला. शुक्रवारी सगळी पानं घेऊन ये, आवडली तर छापू! धाकटी नाचलीच! पण बुधवारी मी असा काही अडलो, की ती रडकुंडीला आली.

दादा म्हणाला, "अगं, हलकी सिस्टीम मिळते. पेनड्राइव्हवरून चालते. म्हाताऱ्याच्या आतलं काही हलणार नाही."

"नक्की ना? पानं फक्त यातच आहेत."

"मी आहे ना!"

आणि काय सांगू! वीस सेकंदांत मी चालू! अंगावरची पोती उतरावीत तसं वाटलं. धाकटी खुशीत अंघोळीला गेली.

इकडे दादाला चेव आला. मित्राचा दुसरा पेनड्राइव्ह खुपसला, म्हणे यावर सिस्टीम कायमची बसवू. पडद्यावर दोन जागा आल्या. एक बत्तीस, एक चौसष्ट. सिस्टीम बसवण्याआधी कुठली पुसायची?

"लहान तो पेनड्राइव्ह! शेंबडं पोरही सांगेल," दादा हसला आणि बत्तीसवर बोट दाबलं.

मित्रांनो, ते बत्तीस म्हणजे मी होतो! चौसष्टचा तो पेनड्राइव्ह होता. मला ओरडता येईना. चार मिनिटांत मांजर गेली, सगळी पानं गेली. आणि खरं सांगू? मला फक्त हलकं वाटत होतं.

धाकटी ओल्या केसांनी आली. "दादा, पानं कुठायत?"

"असतील की कुठेतरी."

नव्हती. आई आतून धाकटीवरच ओरडली, "दुसरीकडे कॉपी ठेवायची अक्कल नको?"

"आणि पळतोय बघ केवढा!" दादा म्हणाला.

शुक्रवारी धाकटीने बाईंना फोन केला. "बरं," त्या म्हणाल्या, "मग दुसऱ्या कुणाला तरी बोलावते." झालं. एवढंच!

आता दादा माझ्यावर सिनेमे बघतो. धाकटी मला हातही लावत नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, दोस्तांनो, आम्हाला हलकं जरूर करा, पण आधी आत कुणाचं काय आहे ते विचारा, दुसरीकडे नीट ठेवा, आणि मगच बोट दाबा. दादा तर आल्या-गेल्याला मला दाखवून छाती फुगवतो, "मेलेला होता, मी वाचवला!"

धाकटी तिथेच पाण्याचे ग्लास ठेवत असते.